फेड

माझी नात वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तिने मला विचारले, "आबा, मला रोलचा कॅमेरा घ्यायचाय. जुना. याल का माझ्याबरोबर बघायला?" मला आधी वाटले, थट्टा करते आहे. हातातल्या फोनमध्ये दिवसाला शंभर फोटो काढणारी ही पोर! आमच्या काळी आग्फा क्लिक-थ्रीमध्ये बारा फोटोंचा रोल घातला की तो सत्यनारायणापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पुरवून वापरावा लागे. त्या कटकटीतून आम्ही सुटलो आणि ही त्यात पैसे देऊन शिरते आहे. पण तिच्या वर्गातल्या तिघाचौघांकडे असे कॅमेरे आहेत आणि शिकवणीतून साठवलेले पाच हजार रुपये ती खर्चायला तयार होती. पैसे तिचे, मग मी कोण नाही म्हणणारा?

तिला हवा होता तो रेंजफाइंडर जातीचा. हा प्रकार मला तिनेच समजावला (शिक्षकाला असा विद्यार्थी होण्याचा योग फार क्वचित येतो). आपल्याला माहीत असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा असतो आणि आपण भिंगातूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. पुढच्या बाजूला दोन खिडक्या, एकमेकींपासून काही अंतरावर. डोळा लावला की मधल्या छोट्या चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक पक्की आणि एक फिकी. भिंगाची कडी फिरवत जायचे. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या की अंतर जुळले. भूमितीतला त्रिकोणच हा. पाया ठाऊक, कोन मोजला, उंची मिळाली. आरसा नसल्यामुळे कॅमेरा लहान होतो, आवाज कमी होतो आणि समोरच्या माणसाला फारसा पत्ता लागत नाही. शेवटचा गुण लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या जातीचा राजा म्हणजे जर्मनीतल्या वेट्झलारचा लायका. ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात वापरायची युक्ती काढली. तो कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि १९३२ च्या मॉडेलमध्ये भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर आतच बसवला गेला. पण लायकाचे नाव आमच्या यादीत नव्हतेच. चांगल्या अवस्थेतला जुना लायकासुद्धा आमच्या आवाक्याबाहेरचा. मग राहिले जपानी. याशिका इलेक्ट्रो, कॅनोनेट वगैरे. आखातातून येणाऱ्या नातेवाइकांनी आणलेले असे कॅमेरे अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात पडलेले असतात. उत्तम यंत्रे, पण ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर ती चालत, ती बॅटरी आता निघत नाही. काहीतरी जोडकाम करून दुसरी बसवावी लागते. शिवाय त्यांचे भिंग निघत नाही. उरले रशियन. झोर्की, कीव्ह आणि फेड. बॅटरीचे नाव नाही, सगळे कमानी आणि दंतचक्रांवर. बिघडले तर जुना घड्याळजी किंवा कॅमेरा-दुरुस्तीवाला उघडून बघू शकतो.

अशा रीतीने आम्ही एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे कुलपे, पितळी नळ, ग्रामोफोनचे कर्णे सगळे होते, कॅमेरे मात्र होते ते बुरशी धरलेले. तिथल्याच एकाने एका व्यापाऱ्याचा पत्ता दिला. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

त्याने आधी काढला तो एक लायका. काळा, झोकदार, वर जर्मन गरुड कोरलेला. "हिटलरच्या फौजेतला आहे काका, चाळीस हजार." नात काही बोलली नाही. तिने भिंग फिरवून काढले, आत टॉर्च मारला आणि मला दाखवले. भिंगाच्या मागे एक छोटा दांडा असतो, तोच पुढे-मागे होऊन रेंजफाइंडर हलवतो. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला बारीक चाक असते. इथे चाक नव्हते, नुसते पाचरीसारखे टोक होते. म्हणजे हा मूळचा रशियन फेड किंवा झोर्की. त्याच्यावरचे नाव घासून लायका हे नाव आणि गरुड कोरलेले. सोव्हिएत संघ कोसळला त्या सुमारास असे हजारो बनावट लायका तयार झाले आणि पर्यटकांच्या गळ्यात मारले गेले, असे तिने मला बाहेर पडल्यावर सांगितले. व्यापाऱ्यासमोर फक्त म्हणाली, "दुसरं काही आहे का?"

दुसरे होते, ते एका खोक्यात तळाला. चामड्याच्या तपकिरी पाकिटात, थोडे जड, नाव रशियन लिपीत: तीन अक्षरे. ती तीन अक्षरे बघितली आणि मी खुर्चीवर बसलो.

"फेड आहे हा," नात म्हणाली. "फेड-टू."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. तिला आश्चर्य वाटले. कॅमेऱ्यातले मला काही कळत नाही. पण हे नाव मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, कारण हा कॅमेरा शाळेत जन्मला.

तर आता जरा मागे जायला हवे.

मी १९७३ मध्ये नोकरीला लागलो. जिल्हा कोणता ते जाऊ द्या, दुष्काळी होता एवढे पुरे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पोरे तेव्हा पुन्हा वर्गात येऊ लागली होती. त्या काळी तालुक्याच्या गावी रशियन पुस्तकांचे प्रदर्शन लागे. मॉस्कोत छापलेली, जाड कागदाची, कापडी बांधणीची पुस्तके दोन-तीन रुपयांना. तिथे मला मकारेंकोचे 'रोड टू लाइफ' मिळाले. माझे शिक्षण सगळे मराठीतून, इंग्रजी यथातथाच. शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक मी चार महिन्यांत वाचले. त्यानंतर किती वेळा वाचले याची गणती नाही.

अंतोन मकारेंको हा युक्रेनमधला शाळामास्तर. क्रांती, यादवी युद्ध आणि १९२१-२२ च्या दुष्काळानंतर त्या देशात लाखो मुले रस्त्यावर आली होती. आईबाप नाहीत, आगगाडीच्या डब्यांखाली लटकून प्रवास करायचा, चोऱ्या करायच्या, डांबराच्या कढईच्या उबेला झोपायचे. अशा मुलांसाठी मकारेंकोने १९२० मध्ये पोल्ताव्हाजवळ एक वसाहत सुरू केली. पुढे १९२७ च्या डिसेंबरात खारकोव्हच्या कडेला दुसरी संस्था उभी राहिली, तीही त्याच्याच हाती आली. तिचे नाव जेर्झिन्स्की कम्यून. मुलांनी अर्धा दिवस शिकायचे आणि अर्धा दिवस काम करायचे. आधी फर्निचर केले, मग शिवणकाम, मग विजेची ड्रिल यंत्रे, परदेशी यंत्र खोलून त्याबरहुकूम केलेली. आणि मग त्यांनी लायका खोलला.

परवाना नाही, नकाशे नाहीत, समोर फक्त तयार वस्तू. १९३२ च्या ऑक्टोबरात पहिले तीन कॅमेरे तयार झाले आणि १९३४ पासून रीतसर उत्पादन सुरू झाले. जो मुलगा काल-परवापर्यंत स्टेशनात पाकिटे मारत होता, तो आज मिलिमीटरचा हजारावा भाग मोजतो आहे, याचा मकारेंकोला मोठा अभिमान होता आणि तो त्याने आपल्या व्याख्यानांत बोलूनही दाखवला. युद्धापूर्वी असे दीड लाखाहून जास्त कॅमेरे तिथून बाहेर पडले. हे सगळे मी त्या पुस्तकांच्या प्रस्तावनांतून वाचले होते आणि पुढची तीस वर्षे दर वर्षी वर्गात सांगत आलो. "अरे, चोर म्हणून हाकललेल्या पोरांनी कॅमेरा केला, तुम्हाला साधा उतारा लिहिता येत नाही?" असे म्हणून.

नाव फेड का? फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्की या नावाची ती आद्याक्षरे. हा माणूस म्हणजे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या चेकाचा, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांचा संस्थापक. १९२६ मध्ये तो वारला आणि त्याच्या स्मरणार्थ युक्रेनच्या पोलिसांनी वर्गणी काढून ही संस्था उभारली. अनाथ मुलांसाठी त्याने काम केले होते हे खरे आहे. हजारोंना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या गेल्या त्या यंत्रणेच्या माथ्यावर तो होता, हेही तितकेच खरे. जुन्या फेडवर कंपनीचे नाव म्हणून चक्क पोलीस खात्याचे नाव कोरलेले असे. मी वर्गात पहिले सांगत असे, दुसरे सांगत नसे. माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत थोडेफार कानावर आले होते. पण गोष्ट सांगताना ते आड येई.

असो. कॅमेरा घेतला तो अडतीसशे रुपयांना. घेण्याआधी नातीने काय काय पाहिले ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. मागचे झाकण काढून शटरचा कापडी पडदा दिव्यासमोर धरला. सुईच्या टोकाएवढी जरी भोके असली तरी प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके येतात. समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरून कडी अनंतावर नेली आणि दोन प्रतिमा एक होतात का ते पाहिले. आडव्या जुळतातच, पण उभ्याही जुळायला हव्यात. भिंगात टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का पाहिले. आणि वेग बदलायची चकती तिने चावी दिल्यानंतरच फिरवली. या रशियन कॅमेऱ्यांचा तो नियमच आहे, चावी द्यायच्या आधी वेग बदलला तर आतली रचना बिघडू शकते. फेड-टू १९५५ ते १९७० या काळात निघाला. लायकाची नक्कल सोडून त्यांनी यात स्वतःचे डोके चालवले. दोन खिडक्यांमधले अंतर ६७ मिलिमीटर ठेवले, जुन्या लायकापेक्षा बरेच जास्त, त्यामुळे अंतर जास्त अचूक जुळते. (हे मला पटकन कळले. त्रिकोणाचा पाया रुंद.) रोल भरायला पूर्ण पाठ निघते; जुन्या नमुन्यांत खालून सरकवावा लागे.

घरी आल्यावर मी तिला मकारेंकोची गोष्ट सांगितली. माझ्या नेहमीच्या पद्धतीने, रंगवून. तिने ऐकून घेतली आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "आबा, हे फोटो कुठले आहेत सांगा."

काळे-पांढरे फोटो. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर माणसे पडलेली. बाजूने इतर माणसे चाललेली, काही वळून बघताहेत, काही नाही. दुकानापुढची रांग. एक सुजलेल्या पायांची मुलगी.

फोटो खारकोव्हचे होते. साल १९३३.

ते काढले होते अलेक्झांडर वीनरबर्गर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनियरने. पहिल्या महायुद्धात तो रशियनांच्या हाती कैदी म्हणून सापडला आणि पुढे तिथेच रसायन कारखान्यांत नोकरीला राहिला. १९३३ मध्ये तो खारकोव्हला होता. खारकोव्ह तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी. खेड्याखेड्यांतून धान्य सक्तीने उचलले गेले होते, शेतकऱ्यांना गाव सोडून जायलाही बंदी घातली होती, तरी जी माणसे कशीबशी शहरापर्यंत आली ती शहराच्या रस्त्यांवर मेली. त्या दुष्काळात युक्रेनमध्ये ३५ ते ४० लाख माणसे गेली, असा आज बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. वीनरबर्गरने लपूनछपून फोटो काढले, ते देशाबाहेर गेले आणि १९३५ मध्ये पुस्तकात छापले गेले. छोटा, आवाज न करणारा, समोरच्याला पत्ता न लागू देणारा कॅमेरा त्याने वापरला होता. लायका.

नातीने मला एवढेच विचारले, "हे त्याच वर्षीचं ना? पहिला फेड बत्तीसच्या ऑक्टोबरात, हे तेहेतीसचं. एकाच गावात?"

एकाच गावात. एका टोकाला मुले लायका खोलून त्याचा स्क्रू न् स्क्रू मोजत होती आणि दुसऱ्या टोकाला तसाच एक लायका कोटाखाली धरून एक माणूस मेलेल्यांचे फोटो काढत होता.

"मुलांना माहीत असेल का हो, आबा?"

मी तिला म्हणालो, असणारच. कम्यूनची मुले बँड वाजवत, रांगेने शहरातून संचलन करत जायची. मकारेंकोला तो सोहळा फार प्रिय होता. ती रस्त्यावरून गेली म्हणजे रस्त्यावरचे दिसले. आणि त्यांतली कितीतरी आधीच्या दुष्काळातच पोरकी झालेली. त्यांना भूक ओळखू आली नसेल असे कसे म्हणू? कम्यूनमध्ये जेवण मिळत होते. भिंतीच्या आत जो होता तो वाचला. हे म्हटले तर मकारेंकोचे श्रेयच आहे, नाही म्हणणार नाही मी. पण त्याच्या छापील पुस्तकांत १९३३ ची ती माणसे नाहीत. तिथे हवेशीर कार्यशाळा आहेत, गुलाबाची झाडे आहेत, चकाकणाऱ्या फरशा आहेत. त्या काळी दुसरे काही छापले जाणे शक्यही नव्हते. त्याचा स्वतःचा भाऊ बोल्शेविकांविरुद्ध लढलेल्या फौजेत अधिकारी होता आणि फ्रान्सला पळून गेलेला होता. एवढा एक डाग माणसाला संपवायला पुरेसा होता. युक्रेनच्या पोलीस खात्याचा प्रमुख बालित्स्की, तोही १९३७ मध्ये गोळी घालून मारला गेला. मकारेंको १९३५ मध्येच कम्यून सोडून गेला होता. १९३९ मध्ये तो वारला, वय अवघे ५१. मुलांची संस्था मागे पडली आणि कारखाना राहिला.

हे सगळे मी तिला सांगत होतो आणि मला दुसरेच काही आठवत होते. ते इथे लिहितो, तिला अजून सांगितलेले नाही.

'रोड टू लाइफ'च्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. थंडीचे दिवस, वसाहतीत सरपण नाही. मकारेंको झादोरोव्ह नावाच्या दांडग्या मुलाला लाकडे फोडायला सांगतो. मुलगा त्याला अरे-तुरे करून उलट उत्तर देतो. मकारेंकोचा तोल जातो आणि तो त्याला मारतो, एकदा नव्हे, तीनदा. त्यानंतर मुले निमूट कुऱ्हाडी घेऊन जंगलात जातात आणि तिथून वसाहतीचे दिवस पालटतात. मकारेंकोने स्वतः ही आपली पद्धत म्हणून सांगितलेली नाही. मारले ते हतबल होऊन, शिक्षक म्हणून आपण घसरलो, हे तो कबूल करतो. शिवाय तो मुलगा त्याच्यापेक्षा ताकदवान होता, उलटला असता तर मास्तराची धडगत नव्हती, आणि हे मुलांनाही कळत होते.

१९७५ मध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी उचलली. मी विचारले तेव्हा त्याने मला उलट उत्तर दिले. मी त्याला मारले. तो नववीत होता, पण अंगाने सहावीतल्या मुलाएवढा. माझ्यावर उलटण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून तो शाळेत आला नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विषय काढला तेव्हा मी मकारेंकोचे ते पान सांगितले. लाकडे फोडायला गेलेली पोरे सांगितली. हतबलतेची कबुली गाळली. सगळ्यांना ते पटले, मलाही पटले. तीन-चार महिन्यांनी कळले की तो बापाबरोबर ऊस तोडायला गेला.

पुस्तकातले सोयीचे पान वाचायचे आणि पुढचे उलटून टाकायचे, याचे खापर मला मॉस्कोच्या छापखान्यावर फोडता येत नाही.

कारखान्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये जर्मन फौजा येण्याआधी यंत्रे सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळच्या बेर्द्स्कला हलवली गेली. खारकोव्ह दोन वर्षांत चार वेळा या हातातून त्या हातात गेले. युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने १९४८ मध्ये फेड करायला घेतला, त्याचाच पुढे झोर्की झाला. खारकोव्हमध्ये मात्र फेड हेच नाव चालले, नव्वदच्या दशकापर्यंत. ज्याचे ते नाव, त्याचा मॉस्कोतला पुतळा १९९१ च्या ऑगस्टमध्ये क्रेन लावून खाली ओढला गेला. युक्रेननेही त्याचे नाव रस्त्यांवरून, चौकांवरून काढले. कॅमेऱ्यांवरचे कोण काढणार? ते जगभर पसरले आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीपासून खारकिव्हवर (तिथली माणसे आपल्या शहराचे नाव असे म्हणतात) रशियन तोफा आणि क्षेपणास्त्रे पडू लागली. टीव्हीवर तो मोठा चौक दिसला की मी थांबून बघतो. एके काळी त्या चौकालाही जेर्झिन्स्कीचेच नाव होते.

कॅमेऱ्यात अखेर दोष निघालाच. पहिला रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. दिव्यासमोर धरूनही एक भोक निसटले होते. रोल, धुणे, स्कॅन मिळून हजाराच्या वर गेले होते, त्यामुळे नात जरा हिरमुसली. पडदा बदलायला दुरुस्तीवाल्याने बाराशे घेतले. म्हणजे हिशेब बरोबर पाच हजार. छत्तीस फोटोंपैकी एका फोटोत मी आहे, गच्चीवर पेपर वाचताना, मला न कळत काढलेला. माझा कान आणि पेपरची कडा स्पष्ट आली आहे, चेहरा जरासा पुसट. तिच्या मते अंतर चार बोटे चुकले.

दुसरा रोल आता कॅमेऱ्यात आहे. सतरा फोटो झालेत. परवा विचारत होती, "आबा, तुमची पहिली शाळा अजून आहे का? जाऊ या का एकदा?" शाळा आहे. एसटीने पाच तास लागतात. मी होकार दिला आहे, आणि जाताना गाडीत तिला ते सांगायचे ठरवले आहे.